बावीस चिनी आणि एक सावली

मित्रांनो, मी एक जुनं, सोनेरी, चिनी कपाट आहे. माझ्या अंगावर चीनच्या बादशहाचा अख्खा दरबार नांदतो आहे, आणि गेली अडीचशे वर्षं मी पूर्वेचं गूढ पश्चिमेला उलगडून दाखवत उभा आहे.

यातलं ‘जुनं’ आणि ‘कपाट’ एवढं खरं.

‘सोनेरी’ हे अर्धं खरं आहे. समोरच्या बाजूला माझ्यावर अस्सल सोन्याचा वर्ख आहे. दोन्ही कुशींना चांदीचा वर्ख लावून वरून पिवळं रोगण फिरवलेलं आहे. समोरून बघतो तो पाहुणा आणि बाजूनं बघते ती झाडूवाली, असा त्यामागचा हिशोब. आणि चीन तर मी पाहिलेलाच नाही. मला घडवणाऱ्यांपैकीही कुणी पाहिलेला नव्हता. पण चीन कसा असेल हे कुतूहल मला जन्मापासून आहे. आपल्या अंगावर जे लिहिलंय ते आपल्याला वाचता येऊ नये, याची रुखरुख तुम्हांला कशी कळणार? तुमच्या अंगावर कुणी काही चिकटवलेलं नसतं.

माझं लाकूड व्हेनिसच्या उत्तरेकडच्या डोंगरातलं. तराफा होऊन ते नदीतून खाली आलं. त्या काळी व्हेनिसमध्ये प्रत्येक कसबाचा वेगळा संघ असे, आणि एकानं दुसऱ्याच्या कामाला हात लावायची सोय नव्हती. सुतारानं कोरायचं नाही, कोरणाऱ्यानं वर्ख लावायचा नाही, वर्खवाल्यानं रंगवायचं नाही. म्हणून सुतारानं मला जोडल्यावर मी होडीत बसून कोरणाऱ्याकडे गेलो, तिथून होडीत बसून वर्खवाल्याकडे, आणि शेवटी होडीतूनच रंगाऱ्याच्या दुकानात. पुरता जन्माला यायच्या आतच माझं निम्मं शहर पाहून झालं होतं.

कोरणाऱ्याला सरळ रेघेचं वावडं होतं. त्यानं माझे पाय उडी मारायच्या बेतात असलेल्या बकरीसारखे वाकवले. कडांना शिंपले काढले, शिंपल्यांतून पानं, पानांतून लाटा आणि लाटांतून पुन्हा शिंपले. माझ्या शेजारी उभं राहिलं की कुठल्याही भिंतीला आपण फारच साधं आयुष्य जगलो असं वाटतं.

रंगाऱ्याचं दुकान सान बार्नाबाच्या चर्चमागच्या गल्लीत होतं. रंगारी मात्र नव्हता. तोनीन रंगारी वारून दोन वर्षं झाली होती. मागे राहिली होती त्याची बायको ओर्सोला, त्याची आई जुस्तीना, आणि दारावरची पाटी. रंगाऱ्यांच्या संघाचा नियम असा, की विधवेनं दुकान चालवायला हरकत नाही, पण कुंचला हातात धरायचा नाही. कुंचला धरलेला दिसला की पाटी उतरणार आणि दुकानाला कुलूप लागणार.

आता मित्रांनो, एक गोष्ट सांगतो ती मला दुकानातल्या एका स्टुलानं सांगितली. स्टुलांवर फार विश्वास ठेवू नये, पण हे स्टूल जुनं होतं. शिशाच्या पांढऱ्या रंगानं रंगाऱ्यांचे हात जातात. तोनीनचाही गेला. शेवटची नऊ वर्षं त्याला सूपसुद्धा सांडल्याशिवाय पिता येत नव्हतं. आणि नेमकी त्याच नऊ वर्षांत त्याच्या कामाची शहरभर वाहवा झाली. लोक म्हणत, वयानं हात मुरला. तो मुरलेला हात दुकानाच्या मागच्या पडद्याआड बसत असे, आणि स्वयंपाकाची वेळ झाली की कांदा चिरायला जात असे. तोनीन मेला त्या दिवशी तो हातही कायद्यानं मेला.

मग ओर्सोलानं कातर घेतली. कातर कुठल्याच संघाची नव्हती. डोंगरापलीकडच्या एका गावात छापखाना होता, तिथून चिनी माणसांच्या चित्रांचे ताव येत. ती माणसं कापायची, रंग भरलेल्या लाकडावर खळीनं चिकटवायची, आणि वरून राळेच्या रोगणाचे अठरा हात द्यायचे. बोट फिरवलं तर कागद संपला कुठे आणि लाकूड सुरू झालं कुठे ते कळू नये. त्या छापखानेवाल्यानंही चीन पाहिला नव्हता. त्यानं तो हॉलंडच्या एका पुस्तकात पाहिला होता, आणि पुस्तकवाल्यानं एका बशीवर.

माझ्या वाट्याला बावीस चिनी आले. कापायला सासूबाई बसत.

“सूनबाई, याला मान दिलेली नाही. कापू कुठून?”

“दाढीखालून कापा, आई.”

“आणि हा पक्षी माणसाएवढा आहे!”

“तिकडे असतील तसे.”

“मग माणसं मासे कशाला पकडत बसलीत? पक्षीच पकडावा एक. महिनाभर पुरेल.” जुस्तीनाबाईंनी कातर खाली ठेवली आणि उसासा टाकला. “माझा मुलगा होता तेव्हा या घरात चित्रं निघायची. आता आपण बाहुल्या कापतो.”

ओर्सोला खळ ढवळत राहिली.

एकेक चिनी अंगावर चढत गेला तसतसं मला त्या देशाविषयी बरंच कळत गेलं. चीनमध्ये जमीन फार कमी आहे. प्रत्येकाला पायापुरतं गवत मिळतं, आणि ते हवेत तरंगतं. पूल पुष्कळ आहेत, पण पलीकडे काही नाही. कुणाला कामधंदा नाही. सगळे सतत चहा पितात, मासे पकडतात किंवा एकमेकांना छत्री दाखवतात. आणि तिथं कुणालाही सावली नाही. या शेवटच्या गोष्टीचं मला विशेष आश्चर्य वाटे, कारण दुकानात मांजरालासुद्धा सावली होती.

मला बनवून घेणारे होते उमराव झाकारीया काव्हारिन. त्यांना मी सेन्साच्या, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाच्या, जत्रेआधी हवा होतो. जत्रा बारा दिवसांवर आली आणि बाविसावा चिनी, म्हणजे खुद्द बादशहा, बिघडला. तो माझ्या दाराच्या मधोमध बसायचा होता. ताव होडीत भिजला होता, आणि बादशहाचा चेहरा पसरून टोपीत गेला होता. नवा ताव यायला पंधरा दिवस लागणार.

“तस्साच लाव,” जुस्तीनाबाई म्हणाल्या. “बादशहाचं तोंड कुणी पाहिलंय?”

ओर्सोला त्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ बघत राहिली. इतकं लक्षपूर्वक माझ्याकडे तोवर कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे मी अवघडलो. मग तिनं दार लोटलं, आणि पिठाच्या डब्यातून पिठानं माखलेला एक कुंचला काढला.

तिनं बादशहा काढलाच नाही. एक बाई काढली. बाई चहा ओतते आहे, पण तिचं लक्ष चहाकडे नाही. ती बाजूला, माझ्या दाराच्या कडेपलीकडे काहीतरी बघते आहे. काय बघते ते मला आजतागायत कळलेलं नाही. अडीचशे वर्षं मी त्याच दिशेला डोळे लावून आहे. आणि कुंचला खाली ठेवता ठेवता, हाताच्या सवयीनं, ओर्सोलानं बाईच्या पायाशी एक बारीक सावली ओढली.

पुढच्या गल्लीत एक रंगारी राहत असे. त्याच्याकडे काम नव्हतं, त्यामुळे आजूबाजूला लक्ष द्यायला वेळ होता. भर दिवसा दार लोटलेलं त्यानं पाहिलं आणि संघाला कळवलं.

रोगणाचा अठरावा हात सुकला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संघाचे दोन तपासनीस आले. एक इझेप्पो मेस्त्री, सत्तरीचे, नाकावर चष्मा. दुसरे बोर्तोलो, नुकतेच निवडून आलेले, अजून बूटसुद्धा अधिकाऱ्यासारखे वाजवणारे.

“तक्रार आहे,” बोर्तोलो म्हणाले. “या दुकानात कुंचला चालतो.”

“या दुकानात कातर चालते,” जुस्तीनाबाई म्हणाल्या. “आणि जीभ. ती माझी. तिचा संघ आहे का कुठला?”

“आई,” ओर्सोला हळूच म्हणाली.

“वहिनी, मनाला लावून घेऊ नका,” इझेप्पो मेस्त्री म्हणाले. “नियमाप्रमाणे बघून जातो. तोनीन माझा मित्र होता.”

अठरा हात रोगणाखाली कागद काय आणि रंग काय, डोळ्यांना सारखेच दिसतात. खात्री करायचा मार्ग एकच. कुठलं तरी एक चित्र चाकूनं खरवडायचं. साल निघाली तर कागद, भुकटी निघाली तर रंग. बोर्तोलोंनी खिशातून चाकू काढला. मित्रांनो, मी तेव्हा अवघा तीन महिन्यांचा होतो.

इझेप्पो मेस्त्रींनी चाकू त्यांच्या हातातून काढून घेतला. “ज्येष्ठाचा मान,” ते म्हणाले, आणि चष्मा सावरून माझ्यासमोर वाकले. एकेका चिन्यावरून त्यांचं नाक सरकत गेलं. पंखेवाला, छत्रीवाला, पुलावरचे दोघे. मधल्या बाईशी नाक थांबलं. थांबलं ते हलेचना.

ओर्सोलाच्या हातात खळीचं भांडं होतं. त्यातली पळी भांड्यावर बारीक वाजत होती.

“हिला सावली आहे,” मेस्त्री म्हणाले.

त्यांनी बाकीचे चिनी पुन्हा एकदा मोजले.

“बाकी एकवीस जणांत एकालाही नाही.”

“बाकीच्यांच्या वेळी ढग आला होता,” ओर्सोला म्हणाली.

मेस्त्री हसले नाहीत. “हा हात माझ्या ओळखीचा आहे, वहिनी. या हाताच्या सावल्या मी नऊ वर्षं पाहिल्यात. सान पान्तालोनच्या चर्चमधल्या पाद्र्यांच्या खुर्च्यांवर होत्या. मी माझ्या पोरांना सांगायचो, सावली शिकायची तर तोनीनकडून शिका.” त्यांनी आवाज खाली आणला. “हा मेलेल्या माणसाचा हात आहे.”

“मेस्त्री,” ओर्सोलाही तितक्याच हळू म्हणाली, “तुमचं वय सत्तर. मागच्या महिन्यात तुमच्या दुकानातून सुईच्या टोकानं काढल्यासारख्या बारीक कामाचा आरसा गेला. तुमच्या दुकानात मागे पडदा कुठल्या रंगाचा आहे?”

मेस्त्रींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तो चष्मा काही फारसा मळलेला नव्हता.

“काय कुजबुज चालली आहे?” मागून बोर्तोलो म्हणाले. “ती मधली बाई खरवडा. तीच सगळ्यात चांगली आहे. चांगलं दिसतंय म्हणजे काहीतरी गडबड असणार.”

मेस्त्रींनी चाकू उचलला, आणि तो डावीकडे नेऊन मासे पकडणाऱ्या कोळ्याच्या मानेला लावला.

मला दुखलं का, असं तुम्ही विचाराल. दुखण्यापेक्षा मला जाणून घ्यायचं होतं. माझ्या आत खरंच काय आहे ते मीही कधी पाहिलं नव्हतं. रोगणाची खपली उडाली, आणि तिच्यामागून कोळ्याचं डोकं एका तुकड्यात सुटून आलं. पातळ, पिवळसर. मागच्या बाजूला छापखान्याच्या शाईचा ठिपका होता.

“कागद,” मेस्त्री म्हणाले.

“तो कोळी झाला,” बोर्तोलो म्हणाले. “आता ती बाई.”

“एक चित्र तपासायचं असतं.”

“शंका असेल तर दोन. मी नियम पाठ केलेत, मेस्त्री.” त्यांनी चाकू परत घेतला आणि बाईच्या चेहऱ्याशी नेला. पळीचा आवाज थांबला. ओर्सोलानं भांडंच खाली ठेवलं होतं.

एवढ्यात दारातून एक भला मोठा पांढरा केसांचा टोप आत आला. त्याच्याखाली उमराव काव्हारिन होते.

“माझ्या चिनी कपाटाला चाकू?” उमराव ओरडले. “आणि या कोळ्याचं डोकं कुठे गेलं?”

“हे बघा सरकार,” बोर्तोलोंना स्फुरण चढलं. त्यांनी ते डोकं तळहातावर घेऊन दाखवलं. “कागद! तुमची फसवणूक झाली आहे. विचारा या बाईला.”

मित्रांनो, आता ओर्सोलाची खरी पंचाईत होती. कागद नाही म्हणावं, तर संघ पाटी उतरवणार. कागद आहे म्हणावं, तर गिऱ्हाईक जाणार, आणि उमरावांची जीभ म्हणजे शहराची दवंडी. पुन्हा कुणी या दुकानाची पायरी चढणार नाही. तिनं पाटीकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं आणि मान वर केली.

“हो, सरकार. कागद आहे. डोंगरापलीकडे छापलेला. सासूबाईंनी कापला, मी खळीनं चिकटवला. खळ गव्हाची आहे. चीनचा याच्याशी काही संबंध नाही.”

इतकं स्वच्छ खरं त्या दुकानात माझ्यासमोर प्रथमच बोललं गेलं. उमराव तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांच्या तोंडावर हळूहळू एक शहाणं हसू पसरलं.

“पाहिलंत?” ते बोर्तोलोंना म्हणाले. “याला म्हणतात धंद्यातलं गुपित. विचारलं की लगेच सांगून टाकेल ती काय मुरलेली व्यापारी? कागद म्हणे! अहो, कागद मुळात कुणाचा? चिन्यांचा! माझ्या मावशीच्या दिवाणखान्यात भिंतभर चिनी कागद आहे. खालून कागद निघाला म्हणजेच माल अस्सल.”

“सरकार, मी खरंच सांगते—”

“काही सांगू नकोस, बाई. माझ्यासारख्याला सांगावं लागत नाही.” मग ते मधल्या चित्राकडे वळले. “आणि हिचा चेहरा पाहा. असा चेहरा इकडे कुणाला काढता तरी येईल का? हिला चाकू लावलात तर मी संघाच्या दारात येऊन बसेन. माणसं घेऊन.”

बोर्तोलोंनी चाकू मिटला. नियम त्यांना पाठ होते, पण उमरावही त्यांना तोंडपाठ होते. जाताना इझेप्पो मेस्त्री दारात थांबले आणि ओर्सोलाला म्हणाले, “हिरवा.” ती गोंधळली. “आमचा पडदा,” ते म्हणाले, आणि गेले.

दार लागल्यावर ओर्सोला स्टुलावर बसली. जुस्तीनाबाई पुन्हा कातर घेऊन बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “माझ्या मुलाला सावली कधी जमलीच नाही. लहानपणी एकदा कुत्रा काढला होता. आम्ही सगळे तो बाक समजलो.”

“तुम्हांला माहीत होतं, आई?”

“नऊ वर्षं कांद्याला रंगाचा वास यायचा, सूनबाई.”

त्यानंतर दुकान चालू राहिलं. पाटी राहिली. पिठाच्या डब्यातला कुंचला पडद्यामागे राहायला गेला, असं मला वाटतं. पण खात्रीनं सांगता येत नाही, कारण तिसऱ्या दिवशी चार हमालांनी मला होडीत चढवलं.

उमरावांकडे मी पंचवीस वर्षं होतो. ते पाहुण्यांना सांगत, हे कपाट पेकिंगहून जहाजानं आलं, वाटेत समुद्री चाच्यांनी या कोळ्याचं डोकं तलवारीनं उडवलं. तो कोळी डोक्याशिवाय अजून मासे पकडतो आहे. त्याच्या कामात काही फरक पडलेला नाही. मग चिनी गोष्टींची हौस विटली. लोकांना सरळ पायांचं, पांढरं, रोमन सामान आवडू लागलं. मला मुख्य भूमीवरच्या बंगल्यात पाठवलं गेलं, तिथून बंगल्याच्या माळ्यावर. व्हेनिसचं राज्य बुडालं, फ्रेंच सैनिक आले. एकानं माझ्या खणात बटाटे ठेवले आणि विसरून गेला. बटाट्यांना कोंब आले. मला त्यांचंही कुतूहल वाटलं. बरेच महिने बोलायला तेवढेच होते. पुढे वाळवी आली, तिच्याविषयी बोलायला नको. शेवटी एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यानं मला शोधलं, आणि त्याच्याकडून मी संग्रहालयात आलो.

इथं एकदा माझी अडीचशे वर्षांची इच्छा पुरी झाली. चीनमधून आलेले एक आजोबा आणि त्यांची नात माझ्यासमोर उभे राहिले. खरे चिनी! त्यांना सावल्या होत्या. आजोबांनी हात मागे बांधून माझ्यावरची माणसं एकेक करून पाहिली. मग त्यांनी नातीला काहीतरी विचारलं. सोबतच्या वाटाड्यानं हसत हसत ते पहारेकऱ्याला सांगितलं. आजोबांचा प्रश्न होता, ‘ही कुठल्या देशातली माणसं?’

नातीनं सांगितलं होतं, ‘इटलीतली असतील, आजोबा.’

आजोबांना ते पटलं. निघताना ते मधल्या बाईसमोर थांबले, आणि तिच्या नजरेच्या रोखानं वळून माझ्या कडेपलीकडे पाहिलं. तिथं आग विझवायचं लाल नळकांडं आहे.

मित्रांनो, तुम्ही जुन्या वस्तूंकडे याल तेव्हा असेच या. हात मागे बांधून, आणि मनात प्रश्न घेऊन. मला ओल्या फडक्यानं पुसू नका, उन्हात ठेवू नका, खणात बटाटे ठेवू नका. खाली काय आहे हे जाणून घ्यावंसं वाटलं तर जरूर वाटू द्या, पण चाकू घरी ठेवा. कुणाच्या तरी हातानं, भर दिवसा दार लोटून, जीव मुठीत धरून माझ्यावर एक रेघ ओढली होती. अशी रेघ प्रत्येक जुन्या वस्तूवर कुठेतरी असते. ती खरवडून सापडत नाही. थांबून बघितल्यावर सापडते.

गेल्या वर्षी संग्रहालयातल्या एका बाईंनी रंगाऱ्यांच्या संघाची जुनी वही शोधून काढली. तपासणीच्या त्या दिवसाची नोंद तिच्यात आहे. बोर्तोलोंच्या सुरेख अक्षरात एवढंच लिहिलंय: ‘विधवेच्या दुकानी एक कपाट पाहिलं. कागद. दुपारी तळलेले मासे खाल्ले. मीठ जास्त.’